अवयवदानाचा फॉर्म मागणाऱ्याला आधी बसायला सांगा

भीमजयंती असो वा ६ डिसेंबर, आपल्या वस्त्यांमधून आता रक्तदान शिबिरे भरू लागली आहेत. ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या करण्यापेक्षा हे कितीतरी चांगले, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याच मांडवात एका कोपऱ्यात नेत्रदानाचे व अवयवदानाचे फॉर्म ठेवलेले असतात. बहुतेक लोक ते हसत हसत भरतात. एखादी आजी विचारते, "माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, माझे डोळे चालतील का?" (चालतात.) एखादे आजोबा म्हणतात, "सगळं घ्या, फक्त दात मागू नका, ते आधीच गेलेत."

या गर्दीत क्वचित एखादा असा येतो, जो हसत नाही. फॉर्म घेऊन बाजूला जातो, पुन्हा परत येतो आणि हलक्या आवाजात विचारतो, "याला किती दिवस लागतात?" किंवा "माणूस धडधाकट असताना सगळंच देऊन टाकता येतं का?" टेबलावर बसलेला कार्यकर्ता घाईत असतो. तो म्हणतो, "भाऊ, सही करा आणि दोन साक्षीदारांची नावं लिहा." प्रश्न तिथेच राहतो. या लेखात आम्हांस त्या प्रश्नाविषयी लिहावयाचे आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. अवयवदानाचा संकल्प करणे हे उदासपणाचे लक्षण मुळीच नाही. हजारो सुखी, समाधानी माणसे हा संकल्प करतात व पुढे चाळीस वर्षे आनंदाने जगतात. आम्ही स्वतः सपत्नीक तो केलेला आहे. आम्ही बोलतो आहोत ते वेगळ्या माणसाविषयी. ज्याला जगणे नकोसे झाले आहे आणि ज्याच्या मनाने एक तोड काढली आहे, की "मी तर कुणाच्या कामाचा नाही, निदान माझं काळीज, माझ्या किडन्या तरी एखाद्या चांगल्या माणसाला मिळू देत." असा विचार करणारा माणूस स्वार्थी नसतो, भित्राही नसतो. उलट तो बहुधा फार कनवाळू असतो. त्याच्या मनातली करुणा शाबूत असते, फक्त ती स्वतःच्या वाट्याला येत नाही.

असे विचार मनात येणारी माणसे थोडी नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ लोकांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी २२,७४६ आपल्या महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. आणि देशातील या माणसांपैकी साधारण चारांतला एक रोजंदारीवर पोट भरणारा होता. आपल्या वाचकांनी हा शेवटचा आकडा पुन्हा एकदा वाचावा. नाक्यावर उभा राहणारा बिगारी, बांधकामावरचा सेंट्रिंगवाला, शेतावर मजुरीला जाणारा, हेच आपले घरचे लोक आहेत. कारणांच्या यादीत सर्वांत वर कौटुंबिक प्रश्न आणि त्याखाली आजारपण. अर्थात एकाच कारणाने माणूस तिथवर जात नाही. कर्ज, दारू, आजार, अपमान, एकटेपणा हे सगळे एकावर एक साचत जाते.

एका तरुणाची हकीकत

नाव, गाव व धंदा बदलून एक हकीकत सांगतो. त्याची परवानगी घेतली आहे.

साधारण सव्वीस वर्षांचा हा मुलगा. आयटीआय केलेला, एका कारखान्यात कंत्राटी कामगार. कंत्राट संपले, काम गेले. वडिलांना अर्धांगवायू. बहिणीच्या लग्नासाठी घेतलेले कर्ज अंगावर. मोबाईलवरून कर्ज देणाऱ्यांचे फोन दिवसरात्र. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो आमच्या कार्यालयाच्या दाराशी आला. आम्ही डबा उघडला होता. "काका, तो शिबिरातला फॉर्म पाहिजे," म्हणाला. आम्ही म्हटले, "आधी बस. पोळी खा." तो बसला, पण पोळी घेतली नाही.

आम्ही विचारले, "एवढी घाई कशाला?" तो म्हणाला, "सहज." आमच्या संस्थेत ज्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी कार्यकर्त्यांना माहिती दिली होती त्यांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती: आडून विचारू नका, सरळ विचारा. तेव्हा आम्ही डबा बाजूला सारला व विचारले, "बाळा, जीव द्यावा असं मनात येतंय का?"

तो बराच वेळ टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काका, मी हिशेब केलाय. मी जगलो तर घरात एक खाणारं तोंड. मी गेलो तर आठ माणसं जगतील. तुम्हीच शिबिरात सांगितलं होतं, आठ."

हा आठाचा आकडा आम्ही खरोखरच सांगितला होता आणि तो चुकीचाही नाही. हृदय, दोन फुप्फुसे, यकृत, दोन मूत्रपिंडे, स्वादुपिंड, लहान आतडे, असे मोजले तर एका मृत दात्याकडून आठजणांपर्यंत मदत पोहोचू शकते. पण त्या मुलाने हा आकडा वजाबाकीच्या हिशेबात घातला. आम्ही कारकून माणूस, बी. कॉम. शिकलेले, आयुष्य खतावण्यांत गेले. आम्ही त्याला आमच्या भाषेत सांगितले, "तुझ्या ताळेबंदात एक बाजू कोरी आहे. तुझ्या आईच्या खात्यात तू काय लिहिलंस?" त्यावर तो रडला. तासभर रडला. त्या दिवशी साहेबांकडून अर्ध्या दिवसाची रजा घेतली व त्याला घेऊन आम्ही महापालिकेच्या रुग्णालयात गेलो. त्याचे पुढे काय झाले ते खाली येईलच.

अवयवदान कसे घडते हे नीट समजून घ्या

या तरुणाचा हिशेब भावनेच्या दृष्टीने तर चुकला होताच, पण वस्तुस्थितीच्या दृष्टीनेही चुकला होता. हे समाजात माहीत असणे जरुरीचे आहे, म्हणून थोडे तपशिलात जातो.

आपल्या देशात मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ साली झाला. महाराष्ट्रात तो १९९५ पासून लागू आहे. २०११ साली त्यात दुरुस्ती झाली व २०१४ साली नवे नियम आले. या कायद्याने दोन वाटा ठेवल्या आहेत: जिवंतपणी दान आणि मृत्यूनंतर दान.

मृत्यूनंतर हृदय, यकृत, मूत्रपिंड वगैरे देता येतात ते मुख्यतः मेंदूमृत्यू झालेल्या रुग्णाचे. म्हणजे असा रुग्ण, ज्याला वाचविण्यासाठी डॉक्टरांनी अतिदक्षता विभागात शिकस्त केली, तरी मेंदू कायमचा बंद पडला आणि श्वास केवळ यंत्रावर चालू आहे. मेंदू मृत झाल्याचे एकटा डॉक्टर ठरवू शकत नाही. चार डॉक्टरांचे मंडळ लागते, निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी होते, आणि प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातील कुणीही त्या मंडळात नसतो. त्यानंतर नातेवाइकांना विचारले जाते. ते नाही म्हणाले तर फॉर्मवर सही असूनही सहसा दान होत नाही. पोलीस केस असेल तर आणखी परवानग्या लागतात, शवविच्छेदन असते. अवयव कोणाला द्यायचे हे दाता किंवा त्याचे घरचे ठरवीत नाहीत. प्रतीक्षायादीप्रमाणे ते ठरते. आपल्या राज्यात मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रे हे काम पाहतात.

तेव्हा आपण आपले जीवन संपवले म्हणजे आपले अवयव लोकांच्या कामी येतील, ही समजूत खरी नाही. ही गोष्ट कुणाला ठरवून घडवता येत नाही. रक्ताभिसरण थांबले की हे अवयव थोड्याच वेळात निकामी होतात. देहदानाचेही तसेच आहे. ज्या मृतदेहाचे शवविच्छेदन करावे लागते तो वैद्यकीय महाविद्यालये शिकवण्यासाठी सहसा स्वीकारीत नाहीत. म्हणजे मागे राहते ते काय? पोलीस पंचनामा, शवागाराबाहेर ताटकळत बसलेला बाप, आणि "त्यानं आम्हाला एकदा तरी सांगायचं होतं" हे घरच्यांच्या तोंडचे वाक्य. ते वाक्य आम्ही इतक्या ओट्यांवर ऐकले आहे की आता ऐकवत नाही.

दुसरी वाट जिवंतपणीच्या दानाची. यात एक मूत्रपिंड किंवा यकृताचा काही भाग देता येतो. दाता अठरा वर्षांवरील हवा व जवळचा नातेवाईक हवा: पती, पत्नी, आईवडील, मुले, भावंडे, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजीआजोबा व नातवंडेही. नातेवाईक नसेल तर प्राधिकार समितीपुढे जावे लागते, आणि प्रेम वा आपुलकीशिवाय दुसरे कारण नाही हे समितीला पटावे लागते. दात्याच्या शरीराबरोबर मनाचीही तपासणी होते. खोल नैराश्यात असलेल्या माणसाला "तू आधी बरा हो" असे सांगून डॉक्टर परत पाठवतात, आणि ते योग्यच आहे. कारण असा माणूस "होय" म्हणतो ते त्याचा आजार म्हणतो की तो स्वतः म्हणतो, हे कळायला मार्ग नसतो.

कर्जापायी किडनी विकण्याचा विचार करणाऱ्यांनाही येथेच सांगून ठेवतो. हा गुन्हा आहे. विकणारा, घेणारा, दलाल सगळेच त्यात येतात. शिक्षा पाच ते दहा वर्षे तुरुंगवास व वीस लाख ते एक कोटी रुपये दंड. दलाल हातावर थोडे पैसे टेकवून पसार होतो, आणि पुढचे आजारपण व कोर्टकचेरी गरिबाच्या गळ्यात राहते.

"माझा मेलीचा काय उपयोग?"

येथे आपल्या माताभगिनींविषयी लिहिले नाही तर लेख अपुरा राहील. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत देशात ५६,५०९ जणांनी जिवंतपणी अवयव दिले. त्यांत ३६,०३८ स्त्रिया होत्या. म्हणजे दर तिघांत जवळजवळ दोन. आणि ज्यांना अवयव मिळाले त्यांत स्त्रिया एकतृतीयांशाहूनही कमी. देणारी बाई, घेणारा पुरुष. हे सगळे प्रेमापोटीच झाले असे कुणी म्हणाले तर आम्ही मान डोलावणार नाही. काही नक्कीच प्रेमापोटी झाले. पण "तो कमावता आहे, मी काय घरातच असते" हे वाक्य त्यामागे किती ठिकाणी असेल याचा ज्याने त्याने आपल्या घरात विचार करावा. २०१४ च्या नियमांत म्हणूनच एक चांगली तरतूद आहे. दाती स्त्री असेल तर अधिक काळजी घ्यावी आणि तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्यावी.

आमच्या परिचयातल्या एक ताई. नवरा गेलेला, मुले आपापल्या संसारात. भावाची मूत्रपिंडे निकामी झाली तेव्हा त्या पुढे आल्या. भावाचा जीव वाचावा ही इच्छा खरीच होती. पण डॉक्टरांनी एकांतात विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "ऑपरेशनमध्ये मी गेले तरी चालेल, माझा मेलीचा काय उपयोग?" डॉक्टर शहाणे होते. त्यांनी फाईल बाजूला ठेवली आणि ताईंना मानसोपचार विभागात पाठवले. ताईंचा राग अजून गेलेला नाही. "मला वेडी ठरवली," म्हणतात. पण गोळ्या घेतात, आणि दुपारी शेजारणीकडे जाऊन बसतात, जे त्यांनी चार वर्षे केले नव्हते. भावाला डायलिसिस चालू आहे.

"उपयोग" या शब्दाचा आम्हांला राग आहे, तो उगाच नाही. आपल्या पूर्वजांना हजारो वर्षे हेच सांगण्यात आले, की तुम्ही दुसऱ्यांच्या उपयोगासाठी जन्मला आहात. गावाची घाण काढा, मेलेले ढोर ओढा, सांगावा पोहोचवा. उपयोग असेल तर शिळी भाकर, नसेल तर वेशीबाहेर. त्याविरुद्ध बाबासाहेबांनी जन्मभर लढा दिला तो माणूस म्हणून जगण्यासाठी. मग आज आपलाच मुलगा स्वतःला सुट्या भागांच्या दुकानासारखा मोजू लागला, तर ते त्याच्या घरच्यांना समजायला हवे आणि आपल्या मंडळांनाही. आपल्याकडे कधी कधी अशा मृत्यूला "बलिदान" म्हणून फलक लावतात. तो फलक लावू नये अशी आमची हात जोडून विनंती आहे. तो फलक खाली उभा असलेला दुसरा मुलगाही वाचत असतो.

धम्म काय सांगतो

विहारात येणाऱ्या एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले होते, "शिबी राजाने डोळे दिले, बोधिसत्त्वाने भुकेल्या वाघिणीला देह दिला, मग मी का देऊ नये?" प्रश्न प्रामाणिक होता. जातककथा या दानाची थोरवी मनावर ठसवण्यासाठी रचलेल्या कथा आहेत, वागण्याचा नियम म्हणून त्या सांगितलेल्या नाहीत. नियम पाहायचा तर विनयात पाहावा. भिक्खूंच्या सर्वांत गंभीर अशा चार पाराजिक दोषांत तिसरा दोष मनुष्यहत्येचा आहे, आणि त्यात दुसऱ्यापुढे मरणाची स्तुती करणे व त्याला मरणास प्रवृत्त करणे हेही येते. असे करणारा भिक्खू संघात राहू शकत नाही. शरीराचा तिटकारा करीत बसण्याचा अतिरेक झाला तेव्हा भगवंतांनी तो थांबवला. खुद्द सिद्धार्थ गौतमांनी देह झिजवून पाहिला, हाडांचा सापळा झाले, आणि मग तो मार्ग सोडून सुजाताच्या हातची खीर घेतली. ज्ञान त्यानंतर झाले.

बौद्ध देशांत दानाची परंपरा आहे, पण ती कशी आहे ते पाहावे. श्रीलंकेत डॉ. हडसन सिल्वा यांनी १९६१ साली नेत्रदान संस्था उभी केली. तेथील बौद्ध जनतेने मरणोत्तर नेत्रदान इतके मनावर घेतले की तो छोटा देश इतर अनेक देशांतील अंधांना नेत्रपटले पाठवू लागला. ही माणसे आपले आयुष्य पुरे जगून, आपल्या वेळेला गेली, आणि जाताना डोळे देऊन गेली.

आणि दुःखाचेच म्हणाल तर बाबासाहेबांएवढे दुःख किती जणांनी पाहिले आहे? चार अपत्ये गेली. १९२६ च्या जुलैत लाडका राजरत्न गेला. तेव्हा एवढ्या मोठ्या विद्वानाने काय केले? मित्राला, दत्तोबा पवारांना, पत्र लिहिले आणि आपण किती खचलो आहोत हे त्यात लपवले नाही. पुढच्या वर्षी, २० मार्च १९२७ ला, महाडला चवदार तळे. मधल्या आठ महिन्यांत त्यांच्या मनात काय काय येऊन गेले असेल हे कोण सांगणार? पण त्यांनी कुणाला तरी सांगितले, एवढे आपल्याला माहीत आहे. आपले पुरुष मात्र "मर्द रडत नाही" म्हणून गुत्त्यावर जाऊन बसतात. दारू ही या आजारातली सर्वांत वाईट सोबतीण. ती उदासी वाढवते आणि विचार करायला लागणारा क्षण खाऊन टाकते.

घरच्यांनी काय करावे

घरातला माणूस एकाएकी अवयवदान, देहदान यांविषयी बोलू लागला आणि त्याच वेळी झोप उडाली, जेवण तुटले, देणी घाईने मिटवू लागला, आवडीच्या वस्तू वाटू लागला, "माझ्यामागे" अशी भाषा आली, किंवा फार दिवसांच्या त्राग्यानंतर अचानक अगदी शांत झाला, तर दुर्लक्ष करू नये. सरळ विचारावे. विचारल्याने तसला विचार डोक्यात भरतो ही भीती निराधार आहे. विचारल्याने माणूस मोकळा होतो, असाच तज्ज्ञांचा अनुभव आहे.

उत्तर "होय" आले तर लगेच उपदेश सुरू करू नये. "तुला काय कमी आहे?", "लोकांना बघ किती दुःख आहे", "आईचा विचार केला नाहीस?" असली वाक्ये जखमेवर मीठ होतात. (आम्ही त्या मुलाला आईविषयी विचारले ते तासभर ऐकून घेण्याच्या तयारीने.) ऐकावे. त्या दिवशी, त्या रात्री त्याला एकटे सोडू नये. घरातली औषधे, शेतीची फवारणीची औषधे, अशा धोक्याच्या वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात कुलपात द्याव्यात. ती टोकाची लाट बहुधा काही वेळात ओसरते. ती ओसरेपर्यंत कुणीतरी शेजारी हवे. जीवाला तातडीचा धोका दिसत असेल तर ११२ वर फोन करावा किंवा जवळच्या रुग्णालयात न्यावे.

पोलिसांच्या भीतीने पुष्कळ लोक रुग्णालयात नेत नाहीत, आणि तिथे अनर्थ होतो. तेव्हा कायदा बदलला आहे हे घरोघर सांगा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ११५ व्या कलमाप्रमाणे असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते, आणि तिला उपचार व आधार देणे हे सरकारचे कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात जुने ३०९ कलमच राहिले नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा ठेवला आहे. रुग्णालय पोलिसांना कळवते ती नोंद असते. तिला घाबरून उपचाराला उशीर करू नये.

आता त्या मुलाचे. डॉक्टरांनी त्याला नैराश्याचा आजार सांगितला. गोळ्या दिल्या, पण पहिले दोन-तीन आठवडे काहीच फरक वाटला नाही आणि तो म्हणाला, "काका, फुकट आहे हे." या गोळ्यांचा गुण यायला तेवढा वेळ लागतोच, हे आधीच माहीत असल्याने त्याची आई रोज स्वतः गोळी हातावर ठेवत राहिली. दुसऱ्या महिन्यात झोप लागू लागली. कर्जाचे प्रश्न गोळीने सुटत नाहीत हे उघड आहे. त्यासाठी आमच्या पतपेढीतल्या एका सहकाऱ्याने बसून सगळी देणी कागदावर मांडली, हप्ते बांधून घेतले, आणि फोनवरून शिवीगाळ करणाऱ्यांविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. आता तो एका टेम्पोवर ड्रायव्हर आहे. सगळे छान झाले असे नाही. मधे एकदा औषध सोडले होते तेव्हा पुन्हा तेच विचार आले, पण त्या वेळी त्याने स्वतःच रात्री साडेअकराला फोन केला. त्याला काही द्यायचेच होते, म्हणून डॉक्टरांना विचारून तो रक्तदान करू लागला. अठरा ते पासष्ट वयाचा, निदान पंचेचाळीस किलो वजनाचा निरोगी माणूस रक्त देऊ शकतो. पुरुष दर तीन महिन्यांनी, स्त्रिया दर चार महिन्यांनी. औषधे चालू असतील तर रक्तपेढीतल्या डॉक्टरांना सांगावे. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते, त्यांना असा नेमाने येणारा दाता फार मोलाचा. मरणोत्तर दानाचा फॉर्मही त्याने पुढे भरला, पण तो बरा झाल्यावर, आईला शेजारी बसवून.

ज्यांना आज, आत्ता बोलायचे आहे त्यांच्यासाठी सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. नंबर १४४१६. चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येते. नाव सांगण्याची सक्ती नाही. फोन लागला की काय बोलावे हे सुचले नाही तर "मला बरं वाटत नाही, जगू नये असं वाटतं" एवढेच म्हणावे, पुढचे ते विचारतात.

रुग्णालयात जायचे असेल तर मुंबईत केईएम, नायर, शीव व जे. जे. या सर्व ठिकाणी मानसोपचार विभाग आहे. जिल्ह्याच्या गावी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. सकाळी लवकर जावे, कारण केस पेपरची रांग मोठी असते. खिडकीवर "मानसोपचार" एवढे सांगितले की पुरे, कारण तिथे सांगावे लागत नाही. जुने कागद, चालू असलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर न्याव्यात. थायरॉइडसारख्या आजारानेही माणूस उदास होतो, तेव्हा रक्त तपासायला सांगितले तर टाळू नये. आणि त्याला एकट्याला पाठवू नका, रांगेत त्याच्याबरोबर उभे राहायला घरचे किंवा शेजारचे कुणीतरी जाऊ द्या. तसे कुणीच नसेल तर विहारात येऊन सांगा, आमच्यापैकी एकजण रजा टाकून येईल.